पेमाच्या घरावरचं कुलूप

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे काय ते आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. सात वर्षं झाली. म्हटलं तर गोष्ट एका रकान्याची आहे — सरकारी कागदावरच्या बोटभर रकान्याची. तेवढ्यासाठी माणूस सात वर्षं मनातल्या मनात कुढतो का? सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. तुम्ही ओळखीचे आहात असं धरून बोलतो.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. इतिहास शिकवतो, आणि सरकार सांगेल ती बाकीची कामं करतो. मतदार यादीचं काम त्यातलंच एक. आमच्या गावापासून जवळच तिबेटी लोकांची वसाहत आहे. चीनने त्यांचा देश घेतला तेव्हा ती माणसं पळून भारतात आली, आणि आमच्या जन्माआधीच त्यांना इथे जमीन मिळाली. बर्फातली माणसं, आणि मिळाला आमचा उन्हाळा! पहिली दोन-चार वर्षं कशी काढली असतील, देव जाणे.

पेमा त्या वसाहतीतली. आठवीपासून आम्ही एकाच वर्गात शिकलो. जन्म इथल्याच सरकारी दवाखान्यातला, माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान. प्रतिज्ञा म्हणायला गुरुजी तिलाच पुढे उभी करायचे, कारण तिचा आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. आमच्या भागातली झाडीबोली अशी फर्मास बोलायची की बाहेरून आलेला साहेब तिच्या तोंडाकडे बघतच राहायचा. माझ्या लग्नात तिने माझ्या बहिणींच्या बरोबरीने पंगती वाढल्या होत्या. हे सगळं मी का सांगतोय? तुम्हाला कळावं म्हणून — मी तिला ओळखत नव्हतो असं म्हणायला मला जागाच नाही.

तिच्या वडिलांना सगळे पाला म्हणत. त्यांच्या भाषेत वडिलांना तसंच म्हणतात. मी त्यांच्याकडे लोणी-मिठाचा चहा प्यायला जायचो, म्हणजे पहिला घोट नाक दाबून आणि पुढचे आवडीने. एकदा त्यांना सांगितलं की सध्या वर्गात इंग्रजांचं साम्राज्य शिकवतोय. पाला हसले आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "जब दूसरे का बाबू लिखता है तुम्हारा घर किधर है, समझो देश गया." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी वर्गात ते वाक्य माझं म्हणून ठोकूनही दिलं.

आता इथे मला थोडं अडखळायला होतं. दरवर्षी मार्चमध्ये, चीनविरुद्धच्या उठावाच्या आठवणीत, वसाहतीतले लोक त्यांचा झेंडा घेऊन मिरवणूक काढतात. त्या वर्षी, म्हणजे सात वर्षांपूर्वी, मी रस्त्याच्या कडेला मोटारसायकल लावून बघत होतो. पेमा सगळ्यात पुढे होती. चाळिशीची बाई, दोन मुलांची आई — घसा फाटेस्तोवर ओरडत होती, कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या देशासाठी. डोळे लाल झालेले. मला काय वाटलं? अजून नीट सांगता येत नाही. आधी अभिमान वाटला, मग राग आला. म्हणजे आमची प्रतिज्ञा नुसती पाठ केली होती का हिने? आणि त्या रागाच्या खाली आणखी एक होतं — मी माझ्या देशासाठी आयुष्यात एकदाही रस्त्यावर उतरलो नव्हतो. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढायची, मुलांना गोळ्या वाटायच्या, आणि घरी येऊन झोपायचं. हेवा होता का तो? असेल. देशाचा हेवा कोणी करतं का, तुम्हीच सांगा.

त्याच वर्षी वरून पत्र आलं की इथे ठरावीक वर्षांत जन्मलेल्या तिबेटी लोकांनी अर्ज केला तर त्यांना मतदार यादीत घ्यायचं. वसाहतीत त्यावरून घरोघरी वाद झाले. म्हातारे म्हणत, इथले झालो तर परत कोण जाईल? पालाही आठवडाभर लेकीशी बोलले नाहीत. पण पेमाने अर्ज भरला. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, सगळं जोडून माझ्याच हातात आणून दिलं. म्हणाली, "इथंच जन्मली, इथंच मरीन. एकडाव तं मत टाकून पाहू दे ना गा." मग जाता जाता म्हणाली, "तू चौकशीले येशीन तवा घराले कुलूप राहील. आमी स्वेटर विकाले जाऊन राहिलो. तुले तं मालूमच आहे."

मला माहीत होतंच. तालुक्यात कोणाला माहीत नाही? थंडी आली की वसाहतीतली निम्मी माणसं लोकरीचे गठ्ठे घेऊन दूरदूरच्या शहरांत जातात, फुटपाथवर दुकानं लावतात आणि थंडी संपली की परत येतात. आणि आमचं घरोघरी फिरून चौकशी करायचं काम नेमकं त्याच दिवसांत यायचं.

मी गेलो तो दिवस डिसेंबरचा होता. निघण्याआधी चहाच्या टपरीवर थांबलो. तिथे माझ्या बगलेतली फाईल बघून एकजण म्हणाला, "त्यायले मत कायले पायजे, गुरुजी? त्यायचा देश तं दुसरा आहे." दोघंतिघं हसले. कोपऱ्यात बसलेला एक गोंड म्हातारा मात्र म्हणाला, "तुमी कोहळी बी तं बाहेरूनच आले ना गा, तलाव बांधाले. आमच्या राजानं आणलं तुमाले." हे आमच्याकडे सगळे मानतात. आम्हा कोहळी जातीच्या लोकांचे पूर्वज तलाव बांधायला आले आणि इथलेच होऊन बसले. मी त्याच्याकडे बघून हसलो. चहा संपवला आणि निघालो.

पेमाच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर पाला जपाचं चक्र फिरवत बसले होते. त्यांनी मला हात केला, मीही केला. अशा वेळी करायचं एवढंच असतं — शेजाऱ्याला विचारायचं, माणूस हंगामासाठी बाहेर गेलाय एवढं लिहायचं, सही घ्यायची आणि 'राहतो' यावर खूण करायची. पाच मिनिटांचं काम. आमच्या गावात त्याच आठवड्यात मी अशा डझनभर खुणा केल्या होत्या. मजुरीला गेलेल्यांच्या केल्या. अकरा वर्षं पुण्यात राहणाऱ्या माझ्या चुलतभावाचीसुद्धा केली — तो तर दिवाळीलाही येत नाही.

पेमाच्या कागदावर मी लिहिलं — सदर पत्त्यावर राहत नाही.

मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं, वरून दबाव नव्हता, टपरीवरचे काही माझ्या मागे आले नव्हते. पाला समोर बसले होते. त्यांना विचारायचीही मला गरज नव्हती. ती कुठल्या शहरात, कुठल्या चौकात बसली आहे हेसुद्धा मला ठाऊक होतं, कारण माझ्या मुलीचा स्वेटर तिथूनच यायचा होता. मग का लिहिलं? देशासाठी? तेव्हा बहुतेक तसंच वाटलं असावं. एक माणूस दोन झेंडे कसे धरणार, असं काहीतरी डोक्यात होतं. की त्या हसणाऱ्यांची भीती होती? की मार्चमधला तो हेवा? खूप उकरून पाहिलं, हाताला काही लागत नाही.

अर्ज नामंजूर झाला. फेब्रुवारीत ती परत आली, माझ्या मुलीचा निळा स्वेटर दिला, आणि ते नामंजुरीचं पत्र वाचून घ्यायला माझ्याचकडे आली. "मी तं इथंच राहतो ना गा. काऊन असं लिहिलं?" अपील करता आलं असतं. मुदत शिल्लक होती आणि ते मला माहीत होतं. मी म्हणालो, वरचा नियम आहे, काही उपयोग नाही, सोडून दे. एवढं बोलून बायकोला चहा टाकायला सांगितलं. आता कधी कधी वाटतं, लिहिण्यापेक्षा हे बोलणं वाईट होतं.

पेमाने वाद घातला नाही. पत्राची घडी करून पिशवीत ठेवली, चहा प्यायली आणि गेली. पुढच्या मार्चमध्ये मिरवणुकीत दिसली तेव्हा ओरडत नव्हती, नुसती चालत होती. दोन वर्षांनी नवरा-मुलांसह बेल्जियमला निघून गेली. आई-बाप निर्वासित म्हणून इथे आले, लेक निर्वासित म्हणून तिकडे गेली. वसाहतीतून तशी बरीच घरं गेली आहेत, तेव्हा ती माझ्यामुळेच गेली असंही छातीठोक म्हणवत नाही. यादीत नाव असतं तर थांबली असती? पुढे पासपोर्ट मिळाला असता? जाणकार म्हणतात, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असतीलही. मला काही कळेनासं झालं आहे.

गेल्या वर्षी पाला वारले. तिचे तिथले कागद अजून झाले नव्हते. निघाली असती तर परत जाता आलं नसतं, आणि मुलं तिथे होती. तिने मला फोन केला, म्हणाली, तू जा. मी गेलो. लामांचे मंत्र चालू होते आणि मी चितेसमोर मोबाईल धरून उभा होतो. पडद्यावर पेमा होती — जाड कोट घातलेली, मागे कुठलीशी पांढरी भिंत. दोन तास हात बदलत मोबाईल धरला. नंतर ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायलाही मीच गेलो. फॉर्मवर पालांचा कायमचा पत्ता विचारला होता. मी वसाहतीचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहून दिला. पालांना तो पत्ता कधीच कायमचा वाटला नव्हता.

संध्याकाळी तिचा परत फोन आला. रडून रडून आवाज बसला होता. म्हणाली, "तू होता म्हणून बरं झालं गा. माह्या बाबाजवळ घरचं कोणी तं होतं."

मी हो म्हणालो.