तेलाच्या डब्यातले गौरीचे हात

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचं सगळं आयुष्य साताऱ्याच्या डोंगरकडेला गेलेलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याची बदली सांगलीला झाली आणि त्यांनाही आमच्याबरोबर खाली यावं लागलं. सांगलीत सगळं मिळतं, पण भाद्रपदात गौरीचे हात मिळत नाहीत. लालपिवळ्या, वर वळलेल्या पाकळ्यांची ही फुलं तिकडे रानात वेलाला लागतात, आणि ती तेरड्याच्या जुडीला हातांसारखी बांधल्याशिवाय आत्याबाई गौरीला घरात घेत नसत. पहिल्या वर्षी मी लाल कागद कापून फूल केलं. आत्याबाईंनी ते मुकाट्यानं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या पानावरून उठल्या. मला ते फार लागलं. बोलल्या असत्या तर मी उलट बोलून मोकळी तरी झाले असते.

त्या हिवाळ्यात एका लग्नासाठी साताऱ्याला गेले, तेव्हा घाटाच्या कडेला वाळलेल्या वेलावर शेंगा उकललेल्या दिसल्या. आत शेंदरी बिया. रुमालात बांधून आणल्या. आत्याबाई म्हणाल्या, रानातलं कुणी पेरतं का, ते आपलं आपण येतं. मग तर मी हट्टालाच पेटले. गोडेतेलाचे तीन डबे कापले, खाली भोकं पाडली, मातीत नदीची वाळू मिसळली आणि जूनच्या तोंडावर बिया टाकल्या. धीर हा काही माझा गुण नव्हे. रोज सकाळी केसातला आकडा काढून माती उकरून बघायचे. दीडेक महिन्यानं गवतासारखी सात-आठ पाती वर आली, बोटभर वाढली आणि दिवाळीआधीच पिवळी पडून वाळली.

मला वाटलं, पाणी कमी पडलं. झालं, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा मारा सुरू केला. एक दिवस नळ आले नव्हते, तरी मी बादलीतलं उरलेलं पाणी डब्यांत ओतू लागले, तेव्हा आत्याबाई भडकल्या. त्यांनी एक डबा उचलला आणि जिन्याखाली, कोळशाच्या पोत्यामागे ढकलून दिला. मीही घुश्शात म्हटलं, टाकूनच द्या एकदाचा. दोन दिवस आम्ही एकमेकींशी फक्त भाजीपुरतं बोललो.

पावसाळा लागला तरी माझ्या दोन डब्यांत काहीच येईना. उकरलं तर बोटांना कुजका वास आला. मी तिथेच बसून रडले. आत्याबाई जिन्याखालून तिसरा डबा घेऊन आल्या. कोरडी ठणठणीत माती, आणि तिच्यातून वर आलेलं हिरवं टोक.

"रानात हिवाळ्याचं पाणी कोण घालतंय गं?" त्या म्हणाल्या. "आत गड्डा झोपतोय. झोपल्याला पाजलं की मरतंय."

आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. डबा रागातच ढकलला होता, हे त्यांनी सरळ कबूल केलं. रान कसं असतं ते त्यांना मागाहून आठवलं. मला हसू आलं आणि जीव भांड्यात पडला.

त्यानंतर डबा त्यांच्या ताब्यात. पानं पिवळी पडली की जिन्याखाली, मृग लागला की बाहेर. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी नुसती पानं आली. आत्याबाई आता काठी घेऊन चालायच्या. त्यांच्या डोळ्यांदेखत फूल येईल का, या एकाच धास्तीनं मी भाद्रपद मोजायचे.

चौथ्या पावसाळ्यात एक कळी लोंबली. गौरी आल्या त्या दिवशीही ती हिरवीच. म्हटलं, कळी तर कळी, आणि कात्री घेतली. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"कापू नगंस. डबाच घे आत."

डबा पुसून, कुंकू लावून गौरीशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कळी उमललेली. आधी पिवळी, मग संध्याकाळपर्यंत कडेनं तांबूस. आत्याबाई नुसत्या बघत बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावला. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पुरण खाली लागलं, पण त्या दिवशी मी कुणावरही ओरडले नाही.

तिसऱ्या दिवशी बोळवण करायला गौर उचलू गेलो, तर ती हलेना. वेलाच्या पानाचं टोक तिच्या पदराला वेटोळं घालून बसलं होतं. मी हिसका देणार, तेवढ्यात आत्याबाई गुडघे धरत खाली टेकल्या आणि एका नखानं ते वेटोळं उलगडू लागल्या.

"सोड बाई," त्या पानाला म्हणाल्या. "ती पुढल्या साली येतीया. तू हाईस की हितं."