रडणं तेवढं ठेवलं

जळगावला बँकेत नोकरी करता करता मी एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत सिनेमावर लिहायचो. व्हिडिओ कॅसेटींचे दिवस होते ते. मुंबईच्या काही तरुणांनी चाळीसगावकडच्या एका गावावर माहितीपट केला होता. निवडणुकीत गावानं सांगितलेल्या चिन्हावर बौद्ध वस्तीनं शिक्का मारला नाही, म्हणून गावानं त्यांचं पाणी, किराणा आणि शेतातलं काम बंद केलं, त्याची ती हकिकत. आमच्या फिल्म क्लबात आम्ही ती दाखवली आणि मी परीक्षण लिहिलं. त्यात माहितीपटातल्या एका रडणाऱ्या म्हातारीबद्दल 'वृद्धेचे मूक अश्रू' असे शब्द होते. मला ते फार आवडले होते.

पुढच्या रविवारी धुळ्याच्या एका प्राध्यापकांनी त्याच पुरवणीत मला झोडपलं. माहितीपट एकतर्फी, गावाची बाजूच नाही, आणि असलं काही डोक्यावर घेणारे माझ्यासारखे लोक आगीत तेल ओततात. त्याच्या पुढच्या रविवारी जळगावच्या एका कार्यकर्त्यानं झोडपलं. माहितीपट मिळमिळीत, दोषींची नावं घ्यायला घाबरणारा, आणि त्याचं कौतुक करणारा मी बोटचेपा. बँकेच्या खिडकीशी उभे राहून लोक विचारायचे, "साहेब, तुम्ही नक्की कुणाकडून?"

कामानिमित्त धुळ्याला गेलो तेव्हा प्राध्यापकांच्या घरी जाऊन विचारलं, "सर, पूर्ण पाहिलात ना?"

"अर्धा पाहिला. पुढं काय असणार ते कळतंच की!"

कार्यकर्त्यानं तर पाहिलाच नव्हता. "मला एकानं सगळं सविस्तर सांगितलंय," तो म्हणाला. कपाळावर हात मारण्यापलीकडं मी काय करणार होतो?

अशात एक एसटी कंडक्टर बँकेत मला शोधत आला. त्या वस्तीतलाच होता. माहितीपटातली ती म्हातारी त्याची मावशी. "तुम्ही तिघं पेपरात भांडताय," तो म्हणाला, "पण आमच्या मावशीनं अजून स्वतःला पाहिलंसुद्धा नाही."

मला शरम वाटली. एका रविवारी टीव्ही, व्हीसीआर जीपमध्ये घालून आम्ही दोघं तिथं गेलो. भर दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. अख्खी वस्ती बसली. ओळखीचा चेहरा दिसला की पोरं ओरडत होती. मावशी पडद्यावर आली, डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच दुसरं दृश्य सुरू झालं.

माहितीपट संपला. मी विचारलं, "अक्का, कसा वाटला?"

"मी रडनू ते दखाडं," ती म्हणाली. "बोलनू ते कोठे शे?"

मग ती सांगू लागली. बहिष्काराच्या चौथ्या दिवशी ती वस्तीतल्या बायकांना घेऊन, रिकामे हंडे डोक्यावर ठेवून, तहसील कचेरीत गेली होती. साहेब भेटेपर्यंत कुणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस विहिरीवर उभे राहिले आणि पहिला हंडा तिनं भरला. कॅमेऱ्यापुढं हे सगळं ती बोलली होती. त्यांनी ते कापलं, रडणं तेवढं ठेवलं. आणि मी त्या रडण्याला 'मूक' म्हणून मोकळा झालो होतो.

परत आल्यावर मी तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहून दिलं. संपादक वैतागले, "पुरे करा हो आता हा विषय!" बऱ्याच विनवण्यांनंतर वाचकांच्या पत्रव्यवहारात त्यातल्या आठ ओळी आल्या.

आठवड्यात छापण्यासाठी दोन पत्रं आली; संपादकांनी ती मला वाचायला दिली. प्राध्यापकांनी लिहिलं, माहितीपट खोटा आहे हे त्या बाईंनीच सिद्ध केलं. कार्यकर्त्यानं लिहिलं, माहितीपट भेकड आहे हे त्या बाईंनीच सिद्ध केलं. दोघांनीही माझे आभार मानले होते. तिच्या हंड्यांबद्दल कुणीच एक ओळ लिहिली नव्हती.

दोन्ही पत्रं मी संपादकांच्या टेबलावर आपटली. छापू नका म्हणालो. त्यांनी शेजारी शेजारी छापली.