देवाजवळ ठेवलेली चिठ्ठी

ये, अशी जवळ बस. दूर काऊन बसली? मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळून तुला महिना होत आला, तारीख दोनदा पुढं गेली, आणि हे मला तुझ्या आईकडून कळावं? फोन करायला बोटं दुखतात का तुझी? रागावत नाही गं. म्हणजे थोडी रागावते. माझ्यावरून हेच गेलंय, म्हणून.

नव्वद साल उजाडायचं होतं तेव्हा. माझी दोन लेकरं शाळेत जायची. तेव्हाच्या आंध्रात, बेला गावाकडच्या आमच्या खेड्यात कापसाची वेचणी ऐन भरात, आणि माझी पाळी थांबेना. पाळी आली की चार दिवस बाहेर बसायचं, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात यायचं, ही घरची रीत. पाचवा गेला, आठवा गेला, मी आपली ओसरीत वेगळ्या घोंगडीवर. भाकरी सासू थापायची. “यंदा तुहं बरं हाय वं, बसल्या जागी भाकर,” म्हणायची, आणि माझ्याच चटणीवर तेल जास्त सोडायची.

बेल्याच्या डॉक्टरांनी माझी पापणी ओढून पाहिली आणि चिठ्ठी लिहून दिली. आदिलाबादला बाईडॉक्टरला दाखवा म्हणाले. चिठ्ठी इंग्रजीत, घरात कोणाला वाचता येणार? बाईडॉक्टर मंगळवारी तपासते एवढं कळलं, म्हणून मालक मला मंगळवारी घेऊन गेले. दारावरचा माणूस म्हणाला, बाई रजेवर आहेत, पुढच्या मंगळवारी या. चिठ्ठी खिशातून निघालीही नाही. आम्ही निमूट परत. सासूनं मोलाचा कागद म्हणून ती देवाजवळ, कुंकवाच्या डब्याखाली ठेवली. जमिनीच्या पट्ट्याचा कागदही तिथंच असायचा.

पुढच्या मंगळवारी मालक आदल्या दिवशीच कापसाची बैलबंडी घेऊन आदिलाबादला गेलेले. मी सकाळच्या बसनं जायचं, ते दवाखान्याच्या दारात थांबणार, असं ठरलेलं. सासू उजाडायच्या आधीच वेचणीला गेली. मी तयार झाले, गाठोडं बांधलं, आणि मग आठवलं, चिठ्ठी देवाजवळ.

आणि मी तर बाहेर!

देवाच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहिले. डब्याखालून कागदाचं टोक दिसत होतं, चार हातांवर. लेकरं शाळेत, शेजारपाजार सगळा रानात. एक पाय उचलला, परत ठेवला. विटाळात देवाला शिवले आणि लेकरांना काही झालं तर? फाट्यावर बसनं भोंगा दिला. मी उभीच. बस गेली.

दुपारी सासू आली ती ओरडतच.

“अवं, गेली नाई काऊन?”

“चिठ्ठी आत होती, आत्याबाई.”

“मंग?”

“मी बाहेर नं.”

डोक्यावरचा कापसाचा गठ्ठा खाली टाकून ती म्हणाली, “किती दिस झाले?”

“सतरा.”

“सतरा दिस कोणती बाई बाहेर बसते वं? हा विटाळ नोहे, बिमारी होय. मले तरी कुठं समजलं, मीच ठेवली तिथं.” तिनं माझं मनगट धरलं आणि सरळ देवापुढं नेऊन उभं केलं. “घे. तुह्या हातानं घे. देव काय पळून जाते का?”

डबा सरकवला, चिठ्ठी घेतली.

दुपारच्याच बसनं निघालो. पोचेतो तपासायची वेळ संपलेली. मालक दारातच, चहा पिऊन पिऊन वैतागलेले. टेबलावरच्या सिस्टरनं मान वर न करता सांगितलं, “मंगलवारम् रा, अम्मा.” सासूला तेलुगू येत नव्हतं, पण मंगळवार कळला.

“मंगलवार तक इसको कौन रखेगा? तू रखती क्या?” असं म्हणत तिनं माझ्या हातातलं गाठोडं सोडलं आणि सकाळपासूनची माझी भिजलेली फडकी टेबलासमोर उघडी केली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सिस्टरनं मान वर केली. मग चिठ्ठी वाचली.

“इसमें तो अर्जंट लिखा है! इतने दिन किधर थे?”

ती उठून आत पळाली आणि वॉर्डातून बाईडॉक्टरला घेऊनच आली.

गर्भपिशवीत गाठ निघाली. आधी दोन बाटल्या रक्त चढवलं, त्यातली एक मालकांची. तेव्हापासून माझं डोकं लवकर तापतं, असं मी त्यांना चिडवायची. मग ऑपरेशन झालं. पुढची वेचणी मी सासूच्या पुढच्या ओळीत केली.

आमच्या घरातलं बाहेर बसणं काही तेवढ्यानं बंद झालं नाही. नणंदा आल्या की बसायच्याच. पण सगळे कागद ओसरीच्या खुंटीवर, पिशवीत आले. सासूनंच अडकवले, कोणाचाही हात पुरेल असे.

म्हणून सांगते, चिठ्ठी जवळ ठेव, आणि तीत काय लिहिलंय ते कोणाकडून तरी वाचून घे. तारीख लांब आहे म्हणून गप बसू नको. कपडे तासातासाला भिजले, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर तारखेची वाट पाहायची नाही, रात्र असो की दिवस, दवाखान्यात जायचं. लाज वाटली तर मला घेऊन चल. मला सासूसारखं बोलता येतं आता.

आणि दाखवून झालं की ये गं लवकर, चार दिवस राहायलाच. भाकर मी थापते, तू नुसती बस.