समाधान: फार, बरं, नाही

काही नोकऱ्यांत माणसाची रजा साठते, काहींत ओळखी साठतात. आमच्या नोकरीत साठले ते किस्से. मुद्दाम कोणी गोळा केले नाहीत हो! पण एखादा सांगितला की ऐकणारा म्हणतो, "छे, असं कुठं होतं का?" मग त्याला पटवायला दुसरा सांगावा लागतो. दुसऱ्यावर तर त्याचा मुळीच विश्वास बसत नाही, म्हणून तिसरा. अशी संध्याकाळ जाते.

तर गोष्ट आहे आणीबाणी उठली त्या सुमाराची. मी कर्जतजवळच्या कडावची. घरातली पहिली बी.ए. झालेली मुलगी, म्हणून वडिलांना कोण कौतुक! मला नोकरी लागली ती कामगार विम्याच्या पाहणीत. कामगार विमा म्हणजे कारखान्यातल्या माणसाच्या पगारातून थोडं कापायचं, थोडं मालकानं घालायचं, आणि त्या बदल्यात त्याला आणि घरच्यांना दवाखाना, औषध, गरज पडली तर मुंबईचं हॉस्पिटल. आता हा दवाखाना चांगला चालतो की वाईट, हे मोजून या, असं वरून आम्हाला सांगितलं होतं. कर्जत-खालापूर भाग आमच्याकडे.

आम्ही तिघं. प्रधान साहेब मुंबईहून आलेले, कडक इस्त्रीचे आणि अत्यंत सज्जन. पळसदरीचा बबन भोईर, ज्याला रस्त्यावरचा प्रत्येक माणूस "काय रं बबन" म्हणायचा. आणि मी. दवाखान्याला मुद्दावार गुण द्यायचे, आणि भेटलेल्या प्रत्येक कामगाराला शेवटी एक प्रश्न विचारायचा, "तुमचं समाधान किती?" उत्तरं तीनच: फार, बरं, नाही.

पहिल्याच दिवशी मी साहेबांना विचारलं, "सर, एखाद्याला थोडं फार आणि थोडं नाही, असं वाटलं तर?"

साहेब म्हणाले, "मिस गायकवाड, माणसाला काय वाटतं हे मोजता येत नाही. म्हणून तर पर्याय तीनच दिलेत!"

मला ते तेव्हा पटलं. आता आठवलं की काही कळेनासं होतं.

*

पहिली चाळ खोपोलीकडची. आम्ही पायरी चढलो आणि बबननं मोठ्या उत्साहानं हाक दिली, "दवाखान्याकडनं आलोय! पुरुष मंडळी हायत का घरात?"

तेवढंच पुरलं! मागच्या दारानं धडधड धडधड आवाज. एक जण तर तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत शेतातून पळताना आम्ही डोळ्यांनी पाहिला. साहेबांना काही उमजेना. "अहो, हे पळतायत का?"

बबननं कपाळावर हात मारला. "साहेब, नसबंदीवाले समजले आपल्याला!"

चाळीत उरले एक म्हातारे बाबा. गुडघे धरलेले, पळता येईना. ते ओट्यावर बसून आमच्याकडे टकामका बघत होते. साहेब त्यांच्यापाशी वाकून फार गोड आवाजात म्हणाले, "आजोबा, घाबरू नका. आम्ही फक्त प्रश्न विचारणार."

बाबा म्हणाले, "मागल्या टायमाला बी असंच म्हनलं व्हतं!"

*

खालापूरच्या बाजूला एक दवाखाना होता. गावाचं नाव सांगत नाही. आम्ही भर सकाळी पोचलो, तर बाहेर रांग नाही, आत गर्दी नाही. फरशी लख्ख. बाकं पुसलेली. साहेब थक्क झाले.

"बघा, मिस गायकवाड! रुग्णाला ताटकळावं लागत नाही. स्वच्छता उत्तम. गोंगाट नाही. याला म्हणतात व्यवस्था!"

प्रत्येक मुद्द्याला साहेबांनी पैकीच्या पैकी गुण दिले. मीही मनात म्हटलं, वा. फक्त बबन इकडेतिकडे बघत होता. त्यानं वॉचमनला विचारलं, "डॉक्टर कुठं गेलं, दादा?"

"डाक्टर? त्यांची बदली झाली गनपतीत."

तेव्हा शिमगा जवळ आला होता!

साहेबांचा चेहरा पडला. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "पण दवाखाना स्वच्छ ठेवलायत तुम्ही."

वॉचमन म्हणाला, "कोन येतच नाय साहेब, तर घान करील कोन?"

एसटीत बसल्यावर साहेबांनी गुणांचा कागद पुन्हा काढला. मग म्हणाले, "गुण खोडायचे का? स्वच्छ तर आहेच ना." कर्जत येईपर्यंत आमचं ठरलं नाही.

*

कर्जतजवळच्या दवाखान्यात मात्र डॉक्टर होते. डॉक्टर मिसाळ. उंच, किडकिडीत, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला. माणसाला समोर बसवून घरचं, कामावरचं, खाण्यापिण्याचं सगळं विचारायचे. त्यामुळे बाहेर ही गर्दी! आम्हा तिघांनाही ते आवडले. साहेब म्हणाले, "इथं 'फार'च येणार."

बाहेर बाकावर एक फिटर बसला होता, पाठीला उटणं लावल्यासारखी धूळ. त्याला विचारलं, "डॉक्टर कसे आहेत?"

"मानूस चांगला हाय."

"मग समाधान? फार?"

"नाय."

"नाही? का हो?"

"सुई टोचत नाय. नुस्ता बोलत बसतो." मग जरा आवाज खाली आणून तो म्हणाला, "बोलाया आमची बायको हाय की घरात!"

मी आत जाऊन डॉक्टरांना हे सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. "ताई," ते म्हणाले, "गरज नसताना सुई टोचली तर मी वाईट डॉक्टर. नाही टोचली तरी वाईट डॉक्टर. तुमच्या कागदावर मी नक्की कुठं बसतो ते मलाही सांगा."

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी बबनकडे बघितलं. बबन म्हणाला, "चहा सांगू का?"

*

त्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात एक तक्रारपेटी होती. लाकडी, हिरवा रंग दिलेली, वर कुलूप. कंपाउंडर होते पाटकर, नियमाला पक्के. ते छाती फुगवून म्हणाले, "साहेब, एक तक्रार नाही! पेटी लागल्यापासून एक नाही!"

"उघडून बघितलीत?"

"उघडायची गरजच पडली नाही. किल्ली पण नाही."

साहेबांना हे रुचेना. त्यांनी बबनकडून पाना मागवला आणि स्वतःच्या हातानं कुलूप तोडलं. झाकण वर गेलं, आणि आतून आल्या गांधीलमाशा! आख्खं पोळं होतं हो आत! सगळे पळाले. साहेब सुटाबुटातले, त्यांना पळायची सवय नाही. ओठावर, कानावर, मानेवर, जिथं सापडले तिथं डसल्या.

साहेबांना धरून आत आणलं. ओठ फुगून वडा झालेला. पाटकरांनी खिडकीतून हात पुढे केला. "विम्याचं कार्ड?"

"अहो, हे आपले साहेब!" मी ओरडले.

"ते खरं. पण कार्डाशिवाय केसपेपर नाही, केसपेपरशिवाय औषध नाही. तुम्हीच तर विचारता ना, नियम पाळतात का म्हणून!"

शेवटी डॉक्टर मिसाळ स्वतः उठून आले. साहेबांचा हात धरून आत नेलं, डंख धुतले, औषध लावलं, आणि हो, सुई पण दिली! या वेळी गरज होती. तासाभरानं साहेबांना जरा बोलता यायला लागलं. बबन फार भोळा चेहरा करून त्यांच्यासमोर उभा राहिला. "साहेब, समाधान किती? फार, बरं, नाही?"

साहेबांनी फुगलेल्या ओठातून कसंबसं उत्तर दिलं, "ब... ब... बलं!"

*

सगळेच किस्से हसायचे नाहीत.

भिवपुरीच्या अलीकडच्या वाडीत तुकाराम म्हणून एक माणूस होता. माझ्या वडिलांच्या वयाचा. प्रेस मशीनमध्ये उजव्या हाताची बोटं गेली होती. हात फडक्यात गुंडाळून कट्ट्यावर बसलेला, बायको शेजारी तांदूळ निवडत होती. कारखान्यातून गाडी मिळाली नाही, म्हणून भाजीच्या टेंपोतून त्याला कल्याणला नेलं आणि तिथून पुढं मुंबईच्या हॉस्पिटलात. एवढं ऐकल्यावर मला वाटलं, याला काय विचारायचं? तरी विचारलं.

"समाधान? फार," तो म्हणाला.

साहेबांना राहवलं नाही. "अहो, वेळेवर गाडी मिळाली असती तर एखादं बोट वाचलं असतं! आम्ही लिहितो, वाहनाला उशीर झाला."

"उशीर लिवू नका," तो एकदम म्हणाला. "टेंपो माज्या मेव्हन्याचा. जीव तोडून हाकला त्यानं. सगळी कोबी रस्त्यात टाकून दिली."

"बरं, नाही लिहीत. पण मग 'फार' कशासाठी?"

तो लाजला. डाव्या हातानं टोपी सारखी केली. बायकोनंच सांगितलं, "हॉस्पिटलातली शिस्टर त्यांना 'तुकारामभाऊ, उठा' म्हनायची. कारखान्यात सगले नंबरानं हाक मारतात."

साहेबांनी पेन उघडलं, मिटलं, परत उघडलं.

*

मग उठली अफवा. कुणी उठवली देव जाणे. ज्या दवाखान्याला कमी गुण पडतील तो बंद होणार! झालं. ज्यांनी डॉक्टर मिसाळांना "नाही" दिलं होतं, तो फिटरसुद्धा, ते सगळे वाटेत अडवून सांगू लागले, "ताई, आमचं खोडा. फार लिवा, फार!"

दोन दिवसांनी दुसरी अफवा. ज्याला कमी गुण पडतील त्याला नवीन एक्सरे मशीन मिळणार! की लोक परत हजर. "ताई, ते फार लिवलेलं खोडा. नाय लिवा!"

एका चाळीत तर वरच्या मजल्यावर पहिली अफवा पोचली होती आणि खालच्या मजल्यावर दुसरी. वर सगळे ठणठणीत आणि सुखी. खाली कण्हणं, खोकणं, डॉक्टर बघत नाही, औषध कडू लागतं! साहेब जिन्याच्या मधोमध उभे राहिले. वर जावं की खाली, कळेना.

तेवढ्यात खालच्या खोलीतून एक बाई बाहेर आली. तिचा नवरा वरच्या मजल्यावर पत्ते खेळत बसून "फार" सांगून मोकळा झाला होता, आणि ती खाली "नाही" सांगून. तिनं आमच्याकडे बघितलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमी आदी तुमाला काय पायजे ते सांगा. मंग आमी आमची तब्येत सांगतो!"

*

हा शेवटचा.

वरून हुकूम आला, नुसतं विचारू नका, एक दिवस दवाखान्यात बसून बघा. डॉक्टर माणसाला काय विचारतो, किती नीट विचारतो, औषध समजावून सांगतो का. म्हणून एका मंगळवारी आम्ही डॉक्टर मिसाळांच्या खोलीत कोपऱ्यात खुर्च्या टाकून बसलो.

पाटकरांनी बाहेरून पुकारा केला, "गोविंद रामा!"

आत आली एक बाई. चाळिशीची असेल. हिरवं लुगडं, हातात नवऱ्याचं विम्याचं कार्ड. स्टुलावर बसली. डॉक्टरांनी कार्ड घेतलं, बघितलं, टेबलावर ठेवलं.

"काय म्हणतोय गोविंद?"

"बरा हाय."

"खोकला?"

"नाय आता."

"रात्री दम लागतो का?"

"नाय. झोप लागलीय चांगली."

"आणि तू? जेवतेस ना?"

"जेवते."

"बरं. उन्हात फार फिरू नको."

बाईनं मान हलवली, कार्ड घेतलं आणि उठून गेली. औषध नाही, चिठ्ठी नाही. साहेब खूश झाले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघितलंत? औषध थांबवलं, तरी चौकशी चालू! असा पाठपुरावा मी मुंबईत बघितला नाही." मग ते उठून खिडकीपाशी गेले आणि पाटकरांना म्हणाले, "या गोविंद रामाची भेट घेता येईल का आम्हाला? घर कुठं?"

पाटकरांनी वर बघितलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात नियम नव्हता.

"तो गेला साहेब. दिवाळीच्या आधी. छातीचं होतं. डॉक्टर रोज घरी जायचे, पण नाही राहिला."

साहेबांनी दाराकडे बघितलं. "मग ही?"

"मंगळवारी येते. दर मंगळवारी. नंबर लावते. मी पुकारतो."

"कार्ड रद्द नाही केलंत?"

पाटकर औषधाच्या बाटल्या पुसायला लागले. साहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर पुढच्या पेशंटच्या छातीला नळी लावून डोळे मिटून बसले होते.

साहेब माझ्याकडे वळले. शेवटी एवढंच म्हणाले, "मिस गायकवाड, तिला... विचारायचं राहिलं."

मी धावत बाहेर गेले. बाई फाटकापाशी पोचली होती. मी तिला थांबवलं. मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून रोजचंच विचारलं, "मावशी, दवाखान्याबद्दल समाधान किती? फार, बरं, की नाही?"

तिनं कार्ड पदरात बांधलं. गाठ ओढून घट्ट केली. जरा विचार केला.

"त्यांना इचारते," ती म्हणाली, "आन् पुढल्या मंगळवारी सांगते."