फाट्यावर मी सांगितलेली वाट

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशीही नाही. देवापुढे माणूस फार तर अर्जाचा विषय वाचून दाखवतो, मजकूर गाळतो. तुम्ही अनोळखी आहात. म्हणूनच कदाचित तुमच्यापुढे बसवते आहे.

महाडला तहसील कचेरीबाहेर मी लोकांचे अर्ज लिहून देतो. शिक्षण आठवीपर्यंत, तरीही माझी वाक्यरचना साहेबलोक वाखाणतात, हे नम्रपणे नमूद करतो. माझ्या धंद्याची रीतच अशी, की शब्द माझे असतात आणि खाली अंगठा दुसऱ्याचा. लोक मजकूर वाचत नाहीत. अण्णांनी लिहिलेय, म्हणजे बरोबरच असणार — एवढ्यावर ते अंगठा उमटवतात.

माझी मुलगी रेश्मा नववीत असताना तिच्या शाळेची पायी मोहीम निघाली — पोलादपूरच्या डोंगरांतून थेट हिरकणीवाडीपर्यंत, वाडीवाडीत मुक्काम करत. पाणी, झाडे, दगड, माणसे, सारे चालता चालता शिकायचे. मोहीम नेणाऱ्या साळवी सरांचा एक नियम होता. रोज एक विद्यार्थी वाटाड्या. त्या दिवशी नकाशा त्याच्या हाती, निर्णयही त्याचाच. मोठ्यांनी मागून चालायचे आणि तोंड उघडायचे नाही. संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसायचे आणि काय साधले, काय चुकले, ते वाटाड्याने स्वतः सांगायचे.

पालकांतून मी सोबत गेलो. का गेलो? — कारण हे डोंगर मला खडान्‌खडा माहीत आहेत, असे मी गावभर सांगून बसलो होतो. आजोळ तिकडचे ना माझे! खरे सांगू? आजोळी मी दर वेळी एस.टी.नेच गेलो. मी काही समजावू लागलो, की पोरे एका सुरात ओरडत, "अण्णा, तोंडाला कुलूप!" मी हसून घेई. आतून मात्र जळे.

रेश्मा त्या सगळ्यांत तयार होती. घरी तिने भिंतभर नकाशे चिकटवले होते. पुढल्या उन्हाळ्यात हिमालयातल्या मोठ्या मोहिमेसाठी शाळेतून एकच नाव जायचे होते, आणि ते बहुधा तिचेच, असे सरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते. तिलाही ते कळले असावे. चालताना ती गुणगुणत असे.

तिचा दिवस उजाडला. एका फाट्यावर ती थांबली, नकाशा जमिनीवर पसरला, त्यावर होकायंत्र ठेवले, समोरच्या सुळक्याकडे पाहिले. "उजवी," ती म्हणाली. किती शांतपणे म्हणाली! मी त्या नकाशाकडे पाहिले — मला नुसत्या रेघा दिसल्या. माझ्या मुलीला जे वाचता येते ते मला येत नाही, आणि ते सर्वांदेखत... बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करून मी तिच्याजवळ वाकलो.

"डावी घे. माझ्या आजोळची वाट आहे. लहानपणी शंभरदा चाललोय."

तिने नकाशाकडे पाहिले, मग माझ्याकडे. बाप खोटे बोलेल, असे कोणत्या मुलीच्या मनात येते? तिने नकाशा गुंडाळला आणि ती डावीकडे वळली.

ती वाट एक ओढा ओलांडून वाळल्या गवताच्या उतारावर संपली. तिथे तन्वी घसरली — रेश्माची मैत्रीण, बिरवाडीची. पाय मोडला. तिचे ओरडणे समोरच्या कड्यावर आपटून परत येत होते. खालच्या वाडीतली माणसे बांबूला चादरीची झोळी बांधून तिला उतरवायला आली. "हितं कशाला आलात रे पोरांनो?" त्यांतला एक म्हणाला. "हितं बकरी पन चरायला येत नाय."

सगळ्यांनी रेश्माकडे पाहिले. मीही पाहिले.

संध्याकाळी सारे गोल बसले. बोलण्याआधी तिने माझ्याकडे पाहिले. मी मोज्यात रुतलेली कुसळे काढत होतो.

"निर्णय माझा होता," ती म्हणाली.

एवढ्यावर संपले असते, तर त्याला भित्रेपण म्हणून भागले असते. पण — इथे शब्द अडतो — दुसऱ्या दिवशी ती एकटी बसलेली पाहून मी तिच्याजवळ गेलो. तिला वाटले असेल, अण्णा आता तरी बोलतील. मी म्हणालो, "वाट डावीच बरोबर होती. ओढ्यापाशी वर चढायला हवं होतं. तिथे चुकलीस तू."

ओढ्यापाशी वर चढायला काहीच नव्हते. उभा कातळ होता. तो ओढा मी जन्मात पहिल्यांदा पाहिला होता.

ती बराच वेळ डोळे मिटून आठवत राहिली. मग म्हणाली, "हो अण्णा. तिथेच चुकले असेन."

शब्द माझे. अंगठा तिचा.

तन्वी लंगडतच मोठी झाली. तिची आई आमच्या दारात येऊन रेश्माला म्हणाली, "माझी पोर चालत नेलीस गो, नि अशी आणलीस?" मी त्या माउलीला आतून पाणी आणून दिले. तेवढेच केले. हिमालयासाठी सरांनी नाही म्हटले नव्हते. रेश्मानेच नाव मागे घेतले. भिंतीवरचे नकाशे कधी उतरले ते मला कळलेही नाही — किंवा कळले, आणि मी विचारले नाही.

आता ती एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. परवा शाळेच्या नव्या बाई घरी आल्या. मोहीम पुन्हा निघते आहे. जुन्या मुलींपैकी कोणी सोबतीला हवी होती. रेश्मा भाजी निवडत होती. मान वर न करता ती हसली.

"मला नका नेऊ बाई, मला वाट कळत नाही. आमच्या अण्णांना न्या. त्यांना खडान्‌खडा ठाऊक आहे."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी पुष्कळ शोधला.

बाईंनी मोठ्या आदराने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, गुडघे फार दुखतात हल्ली.

रेश्मा भाजी बाजूला सारून उठली, आणि आतून तेलाची बाटली घेऊन आली.