अंगठ्याचा दोष

चिमूरच्या बसस्थानकामागे नागसेनचं सेवा केंद्र आहे. तिथला कायदा एकच: यंत्राने ठसा घेतला नाही, तर दोष अंगठ्याचा. गिऱ्हाइकाने तो आधी नळाखाली धुवायचा, मग डोक्याच्या तेलावर घासायचा, आणि तरीही जमलं नाही तर शरमेने घरी जायचं. दहा वर्षांत या कायद्यावर कुणी अपील केलं नव्हतं.

नागसेनची बायको नूतन गेली, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून तो कुणाशी वाद घालत नसे, संगणकाशी तर नाहीच. पडद्यावर जे विचारलं जाई, त्याला 'हो' म्हणे. सगळ्यांच्या आधी प्रिव्ह्यू अपडेट हवं का, असं विचारलं, तेव्हाही 'हो'च म्हणाला. प्रिव्ह्यू म्हणजे आगाऊ. काल रात्रभरात ते आलं, आणि दोन्ही अर्थांनी आगाऊ निघालं.

आज हयातीच्या दाखल्याची शेवटची तारीख. समोर उभ्या असलेल्या सुगंधाबाईंचा ठसा उमटला नाही, तर सरकारच्या लेखी त्या हयात नाहीत आणि नवऱ्यामागची पेन्शन बंद. गावाकडची शेवटची एसटी पाचला.

"बाई, अंगठा धुऊन या."

"तीनदा धुतला. आता साल काढू का?"

"मोहफुलं वेचून रेषा झिजल्या तुमच्या."

"रेषा झिजल्या, मी नाई झिजली! तुहा लाव बरं."

नागसेनने आपला अंगठा लावला. माऊस धरून लोण्यासारखा मऊ झालेला. यंत्र ढिम्म. दहा वर्षं लोकांचे अंगठे घेणाऱ्या यंत्राने मालकालाच अंगठा दाखवला.

मग त्याने संगणकातली उपकरणांची यादी उघडली. ठशाच्या यंत्रापुढे पिवळा त्रिकोण होता. अपडेटने सुरक्षेचा कडक पहारा बसवला होता, आणि तो पहारा यंत्राच्या जुन्या ड्रायव्हरला, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, आत सोडत नव्हता.

"पहाराच बंद कर ना भाऊ," रांगेतून लटारू म्हणाला. "दोन मिनिटाचं काम."

"अख्ख्या तालुक्याचे अंगठे याच्यातून जाते, लटारूभाऊ," नागसेन बसचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात म्हणाला.

यंत्र बनवणाऱ्यांच्या साइटवर नवा ड्रायव्हर मिळाला. उतरायला पाऊण तास लागला. तेवढ्यात यापुढे प्रिव्ह्यू हवं का, या प्रश्नाला नागसेनने 'नाही' म्हटलं. वर्षभरातलं पहिलं 'नाही'. काही वाटलं मात्र नाही.

साडेचारला सुगंधाबाईंनी अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला.

"झाली का मी जिवंत?"

"झाल्या."

"मंग माफी माग."

"कोणाची?"

बाईंनी अंगठा त्याच्या नाकासमोर धरला. "याची. सकाळपासून बदनाम करून राह्यला त्याले."

रांग खिदळली. नागसेनला हसू आलं नाही. त्याने खुर्ची मागे सारली, उभा राहिला आणि त्या काळ्या, चिरा पडलेल्या अंगठ्याला रीतसर हात जोडले.

"जा बाई," तो म्हणाला, "एसटी सुटन."