निऱ्या मीच धरीन

“आजी, हा स्ट्रोक आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि मला पहिला राग आला तो आजी म्हटल्याचा. मला अजून नातवंड नाही. पण ते सांगायला तोंड उघडलं तर शब्दच बाहेर पडेना, नुसतं बें बें झालं. तेव्हा कुठे मला कळलं, की प्रकरण आजीच्या पुढे गेलंय.

इस्केमिक स्ट्रोक म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. माझी उजवी बाजू ढिली पडली होती. त्याला हेमिपरेसिस म्हणतात. हात असतो, दिसतो, पण तुमचं ऐकत नाही.

सकाळी दुधाची पिशवी कापताना कात्री हातातून पडली होती. मी म्हटलं, हात अंगाखाली आला असेल झोपेत. बाम चोळून बसले. शेजारची वनिता साखर मागायला आली, माझं बोलणं ऐकलं आणि साखर विसरून रिक्षा बोलवायला पळाली. म्हणून हे वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते, तोंड वाकडं झालं, हात खाली पडायला लागला, जीभ अडखळली, की बाम शोधत बसू नका. सरळ हॉस्पिटल गाठा.

बोलणं लवकर सुधारलं. महेश, माझा मुलगा, म्हणतो की तेच पहिलं सुधारणार होतं. पाय हळूहळू चालायला लागला. हात मात्र हट्टी निघाला.

हॉस्पिटलमधून मला महेशच्या मुलुंडच्या घरी नेलं. सून नेहा सोन्यासारखी, आणि तीच माझी पंचाईत झाली. ती मला भरवायची, वेणी घालायची, गाऊन चढवायची. मी कप उचलायला हात पुढे करायच्या आत कप माझ्या ओठाला लागलेला असायचा. एक दिवस महेश म्हणाला, “आई, आता विक्रोळीची खोली बंद करूया. तू इथेच राहा.” किती मायेने म्हणाला. मला मात्र ते नको होतं.

विक्रोळीची खोली माझी आहे. नवरा गेल्यावर मी तिथे एकटी राहिले, तिथल्याच एका कंपनीच्या पॅकिंग खात्यातून रिटायर झाले. दार उघडलं की चार माणसं हाक मारतात. मी म्हटलं, “मला घरी जायचंय.” महेश म्हणाला, “तुझं तुला सगळं जमतंय असं डॉक्टरांना सांगू दे, मी स्वतः सोडतो.” ठरलं.

घाटकोपरच्या हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली. नाव मोठं आहे, काम साधं आहे. आंघोळ, स्वयंपाक, कपडे, रोजची कामं परत स्वतःची स्वतः करायला शिकवतात. तिथल्या थेरपिस्ट डिसोझा मॅडम. बोलायला कमी, बघायला तीक्ष्ण. त्यांच्या हाताखाली प्रणाली होती. ती थेरपिस्टची सहायक व्हायचा कोर्स करत होती आणि शिकण्यासाठी आमच्या विभागात आली होती. पांढरा कोट, छातीवर ‘विद्यार्थी’ लिहिलेला बिल्ला, नखं कापलेली, केस घट्ट बांधलेले.

आल्या आल्या तिने विचारलं, “तुम्हाला काय म्हणू?” आजीचा धसका घेतलेली मी. पटकन म्हटलं, “काकू म्हण.”

त्या पोरीला नियम फार. मॅडम असल्याशिवाय नवीन व्यायाम द्यायचा नाही. पेशंटकडून काही घ्यायचं नाही. पेशंटची गोष्ट बाहेर बोलायची नाही. पेशंटने जे स्वतः केलं तेवढंच त्याने केलं म्हणून सांगायचं. नेहाने दिलेल्या नारळाच्या वड्या मी पुढे केल्या तर हात मागे घेऊन उभी. मी म्हटलं, “अगं, नारळ आहे, लाच नाही.” ती हसली, पण वडी काही घेतली नाही. मला वाटलं, बाई गं, कॉलेजात काय पोरी शिकवतात की पुतळे घडवतात?

पण पुतळा नव्हता तो. माझी बोटं उघडून ती एकेक मटार उचलायला लावायची, आणि मटार घरंगळला की माझ्याआधी तिचाच चेहरा पडायचा. ती घाटकोपरलाच राहते, आईवडील मूळचे बुलढाण्याकडचे, एवढं मी काढून घेतलं. तेही बोलता बोलता. बाकी ती बोलायची ती माझ्याच हाताबद्दल.

मॅडमनी विचारलं, “घरी जायचं तर तुम्हाला काय काय जमायला हवं?” मी म्हटलं, “चहा, आंघोळ, आणि साडी.” त्या म्हणाल्या, “गाऊन सोपा पडेल.” मी म्हटलं, “गाऊन घालून मी दारात दूध घ्यायला जाणार नाही. आमच्या चाळीत माझी काही इज्जत आहे.” मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि साडी ठरली.

मग तयारी. परकराची नाडी काढून इलॅस्टिक घातलं, कारण एका हाताने गाठ बसत नाही. ब्लाउजच्या हुकांच्या जागी वेल्क्रोची चिकटपट्टी आली. चहा जमला. आंघोळ स्टुलावर बसून जमली. मग मॅडमनी परीक्षेचा दिवस दिला. असेसमेंट म्हणजे कोणाची मदत न घेता काय होतं ते बघणं. महेश सुट्टी टाकून आला आणि बाहेर बाकावर बसला.

साडी पडद्याआड नेसायची होती. मॅडम आत उभ्या होत्या. प्रणालीचं काम एकच, मी पडले तर धरायचं. पदर लागला, निऱ्या घातल्या, डाव्या हाताने खोचल्या. तेवढ्यात बाहेर एका काकांचा पाय सटकला, आरडाओरड झाली आणि मॅडम धावल्या. माझ्या निऱ्या खाली विस्कटल्या होत्या. आता तुम्हीच सांगा, घरात कोणी बाई साडी नेसत असली की दुसरी काय करते? न सांगता खाली बसते आणि निऱ्या धरून सरळ करते. प्रणालीही बसली. दोन्ही हातांनी निऱ्या ओढल्या, बसवल्या, उठली. त्या घडीला आम्हा दोघींनाही त्यात काही केलं असं वाटलं नाही.

मॅडम परत आल्या. “वा, छान चापूनचोपून नेसलात,” म्हणाल्या. मी फुलले. मनातल्या मनात विक्रोळीच्या खोलीचं कुलूपसुद्धा उघडलं.

“मॅडम,” प्रणाली म्हणाली, “खालून निऱ्या मी धरल्या.”

मॅडम थांबल्या. “त्यांनी सांगितलं?”

“नाही. माझा हात गेला.”

तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. मॅडमनी बाहेर जाऊन महेशला सांगितलं, कपड्यांना अजून मदत लागते, थोडे दिवस थांबा. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “असू दे गं आई, आपलंच घर आहे ना.” त्याच्या चेहऱ्यावरची सुटका मला दिसली. माझा जीव जळला.

प्रणाली निघताना दिसली तशी मी तिला गाठलं. “काय बिघडलं असतं गं? तुझ्या आईच्या निऱ्या कधी धरल्या नाहीस?”

“रोज धरते काकू. म्हणूनच हात गेला.” मग हळूच म्हणाली, “पण तुमच्या घरी मी नसणार. निऱ्या पायात आल्या आणि तुम्ही पडलात तर? मी गप्प बसले असते ना, तर तुमच्या पडण्याला मीच कारण.”

तरी मी रागच धरला. पुढच्या काही खेपांना तिच्याशी बोलले नाही. ती मात्र आपली येऊन म्हणायची, “काकू, अंगठा वर.” मी अंगठा वर करायची, तोंड दुसरीकडे. मॅडमनी तिला चांगली समज दिली होती, हे मला दुसऱ्या पेशंटकडून कळलं. तिने स्वतः चकार शब्द काढला नव्हता. स्वतःहून बोलली नसती तर तिलाही काही झालं नसतं. ते कळल्यावर माझा राग टिकेना. अशा पोरीवर किती दिवस रुसणार?

मी म्हटलं, “चल, निऱ्यांचं काहीतरी कर.” ती म्हणाली, “वाकायचं नाही, चक्कर येईल. मग कसं करायचं ते तुम्हीच सांगा, साडी तुम्ही नेसता.” आम्ही दोघी डोकं लावत बसलो. पलंगावर बसून निऱ्या घालायच्या, वर कपड्याचा चिमटा लावायचा, मग उभं राहून खोचायच्या. खाली पायाच्या अंगठ्याने आतली निरी दाबायची आणि वरून डाव्या हाताने ओढायची. आधी प्रणालीने मला धरून, मग न धरता, मॅडमच्या नजरेखाली. उजवा हात नुसता चिमटा दाबायचा. त्याला तेवढं तरी काम मिळालं. पहिला चिमटा माझ्या त्या बोटांनी उघडला तेव्हा प्रणालीने टाळी वाजवली आणि लगेच इकडे तिकडे बघितलं, नियमात बसतं की नाही म्हणून.

दुसऱ्या परीक्षेत साडी डावीकडे वीतभर वर गेली होती. चापूनचोपून वगैरे काही नाही. प्रणाली दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीला चिकटून उभी. मी अडकले की तिचे खांदे पुढे यायचे आणि परत मागे जायचे. त्या पोरीला न हलणं जड जात होतं. माझ्यावर माया करायला तिला किती ताकद लागतेय, हे मला त्या दिवशी दिसलं.

मॅडमनी तिला विचारलं, “मदत?”

“काहीच नाही, मॅडम.”

या वेळी तिचा आवाज हलला.

महेश शब्दाला जागला. त्यानेच मला विक्रोळीला आणलं. चाळ जमली, वनिताने चहा केला, सगळ्यांनी माझी वाकडी साडी बघितली आणि चहाचे कप उचलले. घरात असं माणूस असलेल्यांना मी एवढंच सांगेन, आम्हाला वेळ लागतो, तो लागू द्या. आमच्या हातातलं काम मायेनेसुद्धा काढून घेऊ नका. आणि तुमच्याही वाट्याला प्रणालीसारखी पोर आली, तर ती कोरडी आहे असं समजू नका.

संध्याकाळी महेश निघाला. दारात थोडा घुटमळला. “लावून घेशील ना?” म्हणाला. मी मान हलवली. त्याने कडीकडे नेलेला हात खिशात घातला आणि जिना उतरला. मी दार ओढलं, उजव्या हाताने कडी धरली. ती एकदा सुटली, दोनदा सुटली, मग बसली. मग मी माझ्या घरात, माझ्या पलंगावर बसून पोटभर रडले.